पथ्यावरच्या बालकाचे पोट साफ राहावे म्हणून

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : वैद्यकीय पथ्यावर असलेल्या १ ते ३ वर्षांच्या बालकांमधील बद्धकोष्ठ आणि त्यात अंगणवाडीला करता येण्याजोगे काम.



बद्धकोष्ठ म्हणजे रोज शी न होणे, असा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. एखादे मूल दिवसाआड शी करते, ती मऊ असते, करताना मूल रडत नाही आणि नंतर खेळायला पळते. अशा मुलाला कसलाही आजार नाही. याउलट रोज शी करणारे, पण प्रत्येक वेळी शेळीच्या लेंड्यांसारखे दोन-चार खडे टाकणारे मूल बद्धकोष्ठाने बेजार असू शकते. पोटाच्या विकारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. त्यांनुसार ४ वर्षांपर्यंतच्या मुलात पुढीलपैकी निदान दोन लक्षणे महिनाभर दिसली, तर त्याला बद्धकोष्ठ आहे असे धरतात: आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शी होणे, शी रोखून धरण्याची सवय, कडक किंवा दुखरी शी, फार जाड शी आणि मलाशयात साठलेला मोठा गोळा. दर शंभरातल्या पंचाण्णवच्या आसपास मुलांत यामागे आतड्याचा कोणताही रोग नसतो. बिघडलेले असते ते शी करण्याचे चक्र.

हे चक्र एका कडक शीने सुरू होते. ताप येऊन गेला, पाणी कमी पडले, आहार एकदम बदलला, की एखादा दिवस खडा होतो. खड्याने गुदद्वाराशी बारीक चीर पडते आणि झोंबते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला त्यातून एकच गोष्ट कळते, की शी केली की दुखते. पुढच्या वेळी कळ आली की ते शी रोखून धरते. रोखलेल्या मळातले पाणी मोठे आतडे शोषून घेत राहते, त्यामुळे मळ आणखी वाळतो आणि पुढची शी आणखी दुखते. काही आठवड्यांत मलाशय ताणून सैल पडते आणि ते भरले आहे ही जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो, चड्डी भरते आणि घरचे समजतात की मुलाला जुलाब होत आहेत. जुलाब थांबवण्याचे औषध दिले, तर मूळ दुखणे वाढते.

रोखून धरणारे मूल ओळखायला डॉक्टरच लागतो असे नाही. खेळता खेळता ते अचानक बाजूला जाते. कपाटाच्या आड किंवा दाराच्या मागे उभे राहते, टाचा उचलून चवड्यांवर येते, पाय ताठ करून एकमेकांत अडकवते, भिंतीला किंवा आईच्या साडीला घट्ट धरते. चेहरा लाल होतो, अंगाला घाम सुटतो. पाहणाऱ्याला वाटते, केवढे कुंथते आहे बिचारे. प्रत्यक्षात ते शी बाहेर येऊ नये म्हणून सगळी ताकद लावत असते. मिनिटभराने कळ ओसरते आणि मूल परत खेळात येते. दिवसातून चार-पाच वेळा हे घडते आणि बहुतेकदा ते पहिल्यांदा आईच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या नजरेस पडते.

पथ्यावर असलेल्या मुलाच्या बाबतीत हे चक्र लवकर सुरू होते आणि मोडायला अवघड जाते. पथ्यात काय बंद करायचे ते डॉक्टर सांगतात, घरचे ते निष्ठेने पाळतात, पण बंद झालेल्या पदार्थाबरोबर ताटातून आणखी काय गेले याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. गहू गेला की त्यातला चोथाही जातो. दूध गेले की दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पातळ पदार्थ पोटात जायचा थांबतो. दुसरी अडचण घरगुती उपायांची आहे. पोट साफ होत नसेल तर कोंड्याची पोळी, दलिया, कोमट दुधात तूप हे उपाय मराठी घरात आपोआप पुढे येतात. नेमके तेच या मुलांना वर्ज्य असतात.

गव्हाचे पथ्य लागते ते मुख्यतः सेलिअॅक आजारात. गहू आणि जव यांच्यातील ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा मुलाची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पावाचा तुटवडा पडला होता. त्या काळात हा आजार असलेली मुले सुधारली आणि पाव परत मिळू लागल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराची ओळख जुलाब आणि खंगणे अशी असली, तरी काही मुलांत बद्धकोष्ठ हेच त्याचे लक्षण असते. म्हणून बद्धकोष्ठ हटत नसेल आणि वाढ खुंटली असेल, तर डॉक्टर रक्ताची तपासणी करून घेतात. ही तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नसतो. आधीच बंद केला, तर आजार असूनही अहवालात तो दिसत नाही.

निदान झाल्यावर पथ्य जन्मभराचे असते आणि इथेच चूक होते. पोळी बंद झाली की मुलाच्या ताटात उरतो तो पांढरा भात, बटाटा, साबुदाणा, पोहे आणि बाजारातली ग्लुटेनमुक्त बिस्किटे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. पोळीच्या जागी भात आला की तंतू एकदम चौथ्या हिश्श्यावर येतात. त्याच तक्त्यांत ज्वारीत सुमारे १०, नाचणीत ११ आणि बाजरीत साडेअकरा ग्रॅम तंतू आहेत. या तिन्ही धान्यांत ग्लुटेन नाही. सोलापुरी ज्वारीची भाकरी, कोकणातली नाचणी, खानदेशातली बाजरी हे या मुलांसाठी हक्काचे अन्न आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा या धान्यांचा पुष्कळ गौरव झाला. सेलिअॅक असलेल्या मुलाला ती रोजच्या ताटात लागतात.

मात्र ज्वारी घरात आणली म्हणजे काम झाले असे नाही. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली, की जात्यात राहिलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. पहिल्या पायलीबरोबर आलेली कणीक ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून धान्य घरच्या जात्यावर, छोट्या घरगुती गिरणीत किंवा ग्लुटेनमुक्त दळणासाठी वेगळ्या ठेवलेल्या गिरणीत दळावे लागते. पोळपाट, लाटणे, तवा आणि पिठाचा डबाही वेगळा लागतो. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे फोडणीचा हिंगही वेष्टन वाचून घ्यावा लागतो. नाचणीची गोष्ट वेगळी आहे. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेल्या नाचणी सत्त्वात कोंडा फडक्यावरच राहतो. सहा-सात महिन्यांच्या बाळाला ते सोसते म्हणून देतात. दोन वर्षांच्या बद्धकोष्ठी मुलाला न गाळलेल्या नाचणी पिठाची पेज किंवा छोटी भाकरी अधिक उपयोगी पडते.

दुधाचे पथ्य निराळे आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्या काही मुलांत पुरळ, उलटी किंवा जुलाब दिसतात, तर काहींत फक्त हट्टी बद्धकोष्ठ दिसते. इटलीतील पालेर्मोच्या संशोधकांनी रेचकांना दाद न देणाऱ्या ६५ मुलांना आळीपाळीने गाईचे आणि सोयाचे दूध देऊन पाहिले. सोयाच्या दुधावर ४४ मुलांचे बद्धकोष्ठ सुटले, गाईच्या दुधावर एकाचेही सुटले नाही. हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून प्रत्येक बद्धकोष्ठी मुलाचे दूध तोडावे असा अर्थ निघत नाही, कारण ती मुले निवडक होती आणि नेहमीच्या उपचारांनी बरी न झालेली होती. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये दिलेला सल्लाही एवढाच आहे, की नेहमीचे उपचार हरले तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली २ ते ४ आठवडे दूध बंद करून पाहावे. फरक पडला नाही तर दूध परत सुरू करावे. कारणाशिवाय महिनोन्‌महिने बंद राहिलेले दूध मुलाची हाडे आणि वजन दोन्ही खाते.

अॅलर्जी पक्की झाल्यावर घरातून पहिला पर्याय सुचतो तो म्हशीच्या किंवा शेळीच्या दुधाचा. या दुधांतली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो. तुपात प्रथिने अत्यल्प असली तरी अंश राहू शकतो, म्हणून तूप चालेल का हे डॉक्टरांनाच विचारावे. बदामाचे किंवा नारळाचे दूध चवीला ठीक आहे, पण प्रथिनांच्या दृष्टीने ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३६० मिलिग्रॅमच्या आसपास असते, पण या वयाचे मूल दिवसभरात २०-३० ग्रॅमपेक्षा अधिक नाचणी खात नाही. तीळ, राजगिरा आणि पालेभाज्यांनी भर पडते, तरी पुष्कळ मुलांना डॉक्टर कॅल्शियमचे औषध जोडून देतात. दुधाची अॅलर्जी बहुतेक मुलांत शाळेत जायच्या वयापर्यंत जाते. म्हणून हे पथ्य ठरावीक काळाने तपासावे लागते, जन्मभर ओढायचे नसते. पथ्य नसलेल्या मुलांत याच्या उलट चूक दिसते. मूल जेवत नाही म्हणून दिवसाला बाटलीभर-बाटलीभर दूध पाजले जाते, पोट दुधानेच भरते, भाजी-भाकरीला जागा उरत नाही आणि खडा होतो. या वयात अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे होते.

अपस्मारासाठी दिल्या जाणाऱ्या कीटोजेनिक आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि धान्य-फळे अगदी मोजकी असतात. त्यात बद्धकोष्ठ हा नेहमीचा त्रास आहे आणि गोड सिरपातली साखरही पथ्य मोडू शकते. गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेतील गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला लॅक्टुलोज हे नेहमीचे रेचक चालत नाही. अशा मुलांचे औषध पथ्य ठरवणाऱ्या डॉक्टरांकडूनच यावे.

पथ्य कोणतेही असो, ताट मांडताना आधी तंतूंचा हिशोब करावा. मुलाचे वय अधिक ५, इतके ग्रॅम तंतू रोज पोटात जावेत, असा एक जुना सोपा आडाखा आहे. दोन वर्षांच्या मुलासाठी तो निदान ७ ग्रॅम होतो. गहू आणि दूध दोन्ही बंद असलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा एक दिवस असा असू शकतो. सकाळी २० ग्रॅम न गाळलेल्या नाचणीची गूळ घातलेली पेज. मधल्या वेळी चमच्याने कुस्करलेली पपईची एक मोठी फोड. दुपारी २५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची तळहाताएवढी भाकरी, सालीच्या मूगडाळीच्या आमटीत मोडून, बरोबर दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी. चार वाजता बिया काढलेल्या मऊ पेरूचा गर. रात्री मऊ भात, डाळ आणि पालकाची पातळ भाजी. या ताटातून ९-१० ग्रॅम तंतू सहज मिळतात. तेच मूल भात, बटाटा आणि साबुदाण्याच्या खिरीवर राहिले, तर ३ ग्रॅमही गाठत नाही. भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका, पेअर किंवा आलुबुखार यांचाही उपयोग होतो. पेअर आणि आलुबुखारात सॉर्बिटॉल नावाची शर्करा असते. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ राखते. शेंगदाणे, अख्खे द्राक्ष, अख्खे मनुके या वयात घशात अडकू शकतात, म्हणून ते वाटून किंवा कुस्करूनच द्यावेत.

तंतू वाढवायचे ते आठवडा-दोन आठवड्यांत, हळूहळू आणि पाण्याच्या जोडीने. अन्नातले पाणी धरून या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १.३ लिटर पातळ लागते. दूध बंद झालेल्या मुलाची त्यातली तूट पाणी, पेज, सार, डाळीचे पाणी यांनी भरून काढावी. एकदम भरपूर कोंडा आणि थोडे पाणी दिले, तर पोट फुगते आणि गोळा घट्ट होतो. इसबगोल घशात फुगून अडकू शकते, म्हणून ते लहान मुलाला मनाने देऊ नये. बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१४ च्या त्याच मार्गदर्शनात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केलेली आहे. तंतू आणि पाणी वयाला साजेसे असावे, पण त्याहून जास्त दिल्याने एकदा जडलेले बद्धकोष्ठ बरे होते असा पुरावा नाही. आहार पुढचा खडा टाळतो. आधीच साठलेला गोळा मात्र औषधाशिवाय हटत नाही.

या औषधाची घरोघरी भीती आहे. सवय लागेल, आतडे आळशी होईल, म्हणून दोन दिवसांत ते बंद होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे. ती पाण्यात विरघळणारी भुकटी आहे. आतड्यात ती पाणी धरून ठेवते, रक्तात नगण्य प्रमाणात जाते आणि मळाबरोबर बाहेर पडते. आतड्याला ती सवय लावत नाही. उपचार दोन टप्प्यांत होतो. आधी साठलेला गोळा काढायचा. त्यासाठी डॉक्टर रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.५ ग्रॅम या मानाने ३ ते ६ दिवस भुकटी देतात. मग किलोमागे ०.४ ग्रॅमच्या आसपास रोजचा डोस ठेवतात, म्हणजे १० किलोच्या मुलाला सुमारे ४ ग्रॅम. हा दुसरा टप्पा निदान दोन महिने चालतो. सगळी लक्षणे जाऊन महिना उलटल्यावर औषध हळूहळू कमी करतात. ताणलेल्या मलाशयाला आकसायला आणि मुलाच्या मनातली दुखण्याची आठवण पुसायला तेवढा वेळ लागतोच. पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिळत नसेल तर लॅक्टुलोज देतात. पथ्यावरच्या मुलासाठी या उपचाराचा एक मोठा फायदा आहे. त्यासाठी गव्हाची किंवा दुधाची गरज नसते, त्यामुळे पथ्य न मोडता मुलाचे दुखणे थांबवता येते. तरीही औषध घेताना वेष्टनावरचे घटक दर वेळी तपासावेत.

औषधाइतकेच महत्त्व बसण्याच्या पद्धतीला आहे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटांत मोठ्या आतड्याला नैसर्गिकपणे गती येते. त्या वेळी मुलाला पाच मिनिटे बसवावे. जुन्या घरांत आई किंवा आजी जमिनीवर पाय पसरून बसते, मुलाला आपल्या दोन्ही पावलांवर उकिडवे बसवते आणि त्याचे गुडघे छातीशी येतील असे धरते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही उत्तम बैठक आहे. उकिडवे बसल्यावर मलाशयाची वळलेली वाट सरळ होते आणि पायांना टेकण मिळते. कमोडवर लटकणारे पाय घेऊन बसलेल्या मुलाला जोर करता येत नाही. तिथे पायाखाली लहान पाट किंवा चौरंग ठेवावा. शी दुखते तोवर चड्डी सोडवण्याची घाई करू नये. आधी शी मऊ करावी, मग सवय लावावी. चड्डीत शी झाली म्हणून मुलाला रागावणे, चारचौघांत लाज वाटेल असे बोलणे म्हणजे रोखून धरण्याला खतपाणी घालणे आहे. पाझरणारी शी मुलाच्या ताब्यात नसते.

याच कारणाने काही घरगुती उपाय थांबवायला हवेत. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून किंवा साबणाची वडी गुदद्वारात घालण्याची पद्धत अजून चालते. त्याने त्या दिवशी शी होते खरी, पण चीर चिघळते, साबणाने आतली त्वचा होरपळते आणि मुलाची भीती दुप्पट होते. एरंडेल पाजल्याने पोटात मुरडा येतो. पॅराफिनचे तेल लहान मुलाच्या श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाला इजा होते. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. हे सारे उपाय करणाऱ्यांच्या मनात माया असते. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्या हाती चांगला उपाय द्यावा लागतो.

काही लक्षणे दिसली तर आहार आणि सवयीचे प्रयोग करण्यात वेळ घालवू नये. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, बद्धकोष्ठ पहिल्या महिन्यापासून असेल, पोट फुगून ताठ झाले असेल, हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, चिरेशिवाय रक्त पडत असेल, पाय अशक्त असतील किंवा माकडहाडावर खळगा वा केसांचा पुंजका असेल, तर मुलाला ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. यामागे आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसणे हा आजारही असू शकतो. डेन्मार्कचे हेराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. त्यावर शस्त्रक्रियेचा उपचार आहे. थायरॉईडची कमतरता आणि मणक्याचे दोषही याच मार्गाने समोर येतात.

हा सगळा विषय महिला व बालविकास विभागापुढे मांडण्याचे कारण असे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या उभ्या केल्या. दीड-दोन वर्षांच्या बालकाला दर महिन्याला तोलणारी, त्याच्या आईशी नावाने बोलणारी व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरी नेण्याचा शिधा तीच देते. मुलाचे पथ्य आणि मुलाची शी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहू शकेल असे दुसरे कोणी शासकीय यंत्रणेत नाही. म्हणून विभागाने पुढील पाच गोष्टी कराव्यात, ही या पत्राची मागणी आहे.

१. मासिक वजनाच्या दिवशी आईला दोन प्रश्न विचारले जावेत: डॉक्टरांनी काही खायला बंद केले आहे का, आणि शी करताना मूल रडते किंवा रोखून धरते का. उत्तर बालकाच्या नोंदीत जावे.

२. सेविका आणि मदतनीस यांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस या विषयाला मिळावा. रोखून धरणारे मूल ओळखणे, धोक्याची लक्षणे, पायावर बसवण्याची पद्धत आणि पथ्यातले पर्यायी धान्य एवढे त्यात पुरे. सेविकेने औषध देण्याची अपेक्षा नाही. मुलाला योग्य जागी वेळेत पाठवणे हे तिचे काम.

३. वैद्यकीय दाखला असलेल्या बालकाला गहू किंवा दूध पावडर असलेल्या शिध्याऐवजी ज्वारी, नाचणी, मूग यांचा शिधा मिळावा. तो वेगळा दळलेला आणि वेगळा बांधलेला असावा. नियमानुसार या वयाच्या बालकाला दिवसाला ठरावीक उष्मांक आणि प्रथिने देणे बंधनकारक आहे. पथ्यावरचे मूल शिधा न घेता परतत असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. प्रत्येक पाकिटावर गहू आणि दूध हे घटक ठळक मराठीत छापावेत.

४. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. सेविकेने नोंदलेली मुले त्यांनी तपासावीत. आरोग्य विभागाशी बोलून पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित ठेवले जावे, म्हणजे दोन महिन्यांचा उपचार औषध संपले म्हणून तुटणार नाही.

५. प्रत्येक अंगणवाडीत बालकांना बसता येईल असे, पाणी असलेले आणि दिवसभर उघडे शौचालय असावे. तीन वर्षांवरची मुले तिथे तासन्‌तास असतात. अस्वच्छ किंवा कुलूपबंद शौचालयामुळे निरोगी मूलही रोखून धरायला शिकते.

या पाचही गोष्टींना नवी यंत्रणा लागत नाही. सेविका आहे, वजनाचा दिवस ठरलेला आहे, तपासणी पथक येते, ज्वारी आणि नाचणी राज्यातच पिकते. पथ्यामुळे मुलाचा मूळ आजार ताब्यात राहतो. त्या पथ्याची किंमत म्हणून मुलाने रोज कपाटाच्या आड चवड्यांवर उभे राहून कळ सोसू नये, एवढी व्यवस्था विभागाच्या हाती आहे.